डेव्हिड बेली: अपघाताआधीचा आणि अपघातानंतरचा

मातीवाट:

जानेवारी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील ह्युरॉन येथे डेव्हिड बेली हा अमेरिकन मोटोक्रॉसपटू (मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींतला स्पर्धक) उडी घेताना पडला आणि त्याच्या पाठीचा कणा मोडला. तो तेव्हा २५ वर्षांचा होता. त्या दिवसापासून छातीखालचे शरीर त्याच्या ताब्यात राहिले नाही. त्याच्याविषयी जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक वेळा या अपघातापासून सुरू होते आणि २००० साली हवाई बेटांवरच्या आयर्नमॅन या पोहणे, सायकल आणि धावणे सलग करण्याच्या शर्यतीत त्याने मिळवलेल्या विजयापाशी संपते. अपघाताआधीचा बेली कोण होता हे कळल्याशिवाय नंतरचा बेली समजत नाही, आणि या दोन टोकांमधली वर्षे गाळली तर तो मुळीच समजत नाही, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठीच हा धागा काढत आहे.

जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तेव्हा पुण्यातल्या अनेकांनी हा खेळ प्रथमच जवळून पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोटोक्रॉस मोकळ्या माळावर, चढउतारांच्या नैसर्गिक जमिनीवर होते. सुपरक्रॉससाठी स्टेडियममध्ये माती आणून उड्यांचे उंचवटे रचले जातात. मोटोक्रॉसमध्ये एका दिवसात दोन शर्यती होतात, त्यांना मोटो म्हणतात, आणि दोन्हींचे गुण मिळून त्या दिवसाचा निकाल लागतो. प्रत्येक मोटो अर्ध्या तासाहून अधिक चालते. त्या वेळात मोटरसायकल शेकडो वेळा हवेत जाते आणि प्रत्येक वेळी ती नेमक्या जागी, नेमक्या कोनात उतरवावी लागते.

बेलीच्या घरात हे ज्ञान आधीपासून होते. त्याचे वडील गॅरी बेली हे स्वतः उत्तम स्पर्धक होते, पण त्यांची खरी ख्याती शिक्षक म्हणून झाली. मोटोक्रॉस शिकवता येते, त्याचे घटक वेगळे करून समजावता येतात, ही गोष्ट अमेरिकेत रुजवणाऱ्यांपैकी ते एक होते. लोक त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत. कोपरे उंच आणि बाहेर ठेवणे, टाकी गुडघ्यांनी धरणे, वळणावर बाहेरच्या फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, भार देणे आणि आतला पाय पुढे काढणे हे सारे आज कोणत्याही प्रशिक्षणवर्गात पहिल्या दिवशी सांगितले जाते. डेव्हिड या शिकवणीत वाढला. त्याची जुनी चित्रफीत कुणी पाहिली तर पहिल्यांदा जाणवतो तो त्याचा संथपणा. मागचा स्पर्धक हातापायांची झटापट करत असतो आणि बेली मात्र मोटरसायकलच्या मधोमध शांत उभा असतो; घड्याळ पाहिल्यावरच कळते की पुढे तोच आहे. शैलीच्या बाबतीत आजही त्याचे उदाहरण दिले जाते आणि ते अगदी योग्य आहे.

१९८२ मध्ये तो होंडाच्या अधिकृत संघात आला. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, त्याने अमेरिकेचे सुपरक्रॉस विजेतेपद आणि २५० सीसी गटाचे राष्ट्रीय मोटोक्रॉस विजेतेपद ही दोन्ही एकाच मोसमात जिंकली. १९८४ आणि १९८६ मध्ये तो ५०० सीसी गटाचा राष्ट्रीय विजेता झाला. या गटाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. ५०० सीसीच्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचे वजन १०० किलोच्या आसपास असे आणि शक्ती ६० अश्वशक्तीच्या घरात. ती शक्ती हळूहळू मिळत नसे, एकदम उसळून येई. दंडाच्या जोरावर अशा यंत्राशी भांडणारा स्पर्धक अर्ध्या शर्यतीत थकून जाई. म्हणून हा गट बेलीसारख्याला लाभला, कारण तो यंत्राशी भांडतच नसे.

याच काळात त्याने दुसरी एक गोष्ट केली, जी पुढे फार महत्त्वाची ठरली. होंडा संघातला त्याचा मित्र जॉनी ओमारा हा व्यायामाच्या बाबतीत अत्यंत शिस्तीचा होता. मोटरसायकल चालवणे हाच मोटरसायकलस्वाराचा व्यायाम, अशी समजूत तेव्हा सर्रास होती. त्या काळात हे दोघे सायकल चालवत, धावत, आणि ट्रायथलॉनपटूंसारखा सराव करत. शरीर हे काळजीपूर्वक तयार करायचे साधन आहे, ही जाणीव बेलीला अपघाताने दिलेली नाही. ती त्याच्याकडे आधीच होती.

देशोदेशीच्या संघांची मोटोक्रॉस ऑफ नेशन्स ही वार्षिक स्पर्धा अमेरिकेने १९८१ च्या आधी कधीच जिंकली नव्हती. युरोपीय संघांचे तेथे वर्चस्व होते. १९८१ पासून अमेरिकी विजयांची जी दीर्घ मालिका सुरू झाली, तिच्यातल्या १९८२ ते १९८६ या सलग पाच विजयी संघांत बेली होता. १९८६ मध्ये इटलीतल्या मॅजिओरा येथे तो, रिक जॉन्सन आणि ओमारा असा संघ होता. तिथे १२५ सीसीच्या छोट्या मोटरसायकलवरच्या ओमाराने ५०० सीसीचा विश्वविजेता डेव्ह थॉर्प याला मागे टाकले, ही घटना या खेळाचे जाणकार आजही आवर्जून सांगतात.

त्याच वर्षीच्या जानेवारीत अॅनाहाइमच्या स्टेडियममध्ये मोसमाची पहिली सुपरक्रॉस शर्यत झाली. रिक जॉन्सन नुकताच होंडाकडे आला होता, म्हणजे दोघे एकाच संघाचे. त्या मोसमापासून कारखान्यांनी खास घडवलेल्या मोटरसायकलींना बंदी घालून विक्रीतल्या मोटरसायकलींवर आधारित यंत्रे वापरण्याचा नियम लागू झाला होता, त्यामुळे यंत्राच्या श्रेष्ठतेचा आडोसा कुणालाच नव्हता. दोघांनी पुन्हा पुन्हा एकमेकांना मागे टाकले आणि अखेर बेली जिंकला. सुपरक्रॉसच्या इतिहासातल्या सर्वोत्तम शर्यतींची चर्चा निघाली की या शर्यतीचे नाव घेतले जातेच. त्यानंतर सुमारे एक वर्षाने, पुढच्या मोसमाच्या तोंडावर, ह्युरॉनचा अपघात घडला.

इजा चौथ्या आणि पाचव्या वक्षीय, म्हणजे छातीमागच्या, मणक्यांच्या पातळीवर होती. हात शाबूत राहिले. त्यानंतरच्या वर्षांत त्याने टीव्हीवर सुपरक्रॉसचे समालोचन केले, आणि हे काम त्याने मनापासून केले. एखाद्या स्पर्धकाने तिहेरी उडी का चुकवली, वळणात शिरताना त्याचे वजन कुठे होते, हे तो प्रेक्षकांना उलगडून सांगत असे. प्रोफेसरांच्या मुलाने वडिलांचे काम वेगळ्या जागी बसून पुढे चालवले असे मला वाटते. ज्या खेळात आपले शरीर गेले, त्याच खेळाच्या शेजारी दर आठवड्याला जाऊन बसणे, आपल्या जुन्या जागी नवी मुले जिंकताना पाहणे आणि त्यांचे मोकळेपणाने कौतुक करणे, याला लागणारे बळ मला आयर्नमॅनच्या विजयाहून कमी वाटत नाही.

शुश्रूषा:

अतिशय अभ्यासपूर्ण लेख. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पाठीच्या कण्याच्या रुग्णांबरोबर काम करते. तुम्ही इजेच्या पातळीचा उल्लेख केला आहे, त्यावर थोडे लिहिते, कारण ‘पाय गेले’ एवढ्यावरच लोकांचे आकलन थांबते.

चौथ्या वक्षीय मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जू पूर्णपणे निकामी झाला तर हात आणि पंजे उत्तम चालतात, परंतु पोटाचे आणि कंबरेचे स्नायू काम करत नाहीत. आपण खुर्चीत बसून समोरचा पेला उचलतो, तेव्हा धड आपोआप तोल सांभाळते. या रुग्णाला तो तोल दुसऱ्या हाताने किंवा डोक्याच्या हालचालीने सांभाळावा लागतो. बसणे हेच कौशल्य नव्याने शिकावे लागते. पोटाचे स्नायू नसल्यामुळे जोरात खोकता येत नाही आणि साधी सर्दीही छातीत उतरण्याची भीती असते.

मूत्राशयावर आणि आतड्यांवर नियंत्रण राहत नाही. दिवसातून ठरावीक वेळी कॅथेटर (लघवी काढण्याची नळी) घालणे, मूत्रसंसर्गावर लक्ष ठेवणे, शौचाची वेळ बांधून घेणे हे आयुष्यभराचे काम असते. सहाव्या वक्षीय मणक्याच्या वरची इजा असेल तर आणखी एक धोका असतो. मूत्राशय तुंबले किंवा पायाला कुठे काही टोचत असले, तर रुग्णाला वेदना जाणवत नाही, पण रक्तदाब अचानक धोकादायक पातळीपर्यंत चढतो, डोके ठणकते आणि इजेच्या वरच्या भागाला दरदरून घाम फुटतो. अशा वेळी रुग्णाला ताठ बसवून कारण शोधून दूर करणे हा पहिला उपचार. प्रत्येक नातेवाइकाला हे ठाऊक असलेच पाहिजे.

आणि दाबव्रण. एकाच जागी बसल्यामुळे बैठकीच्या हाडाखालची त्वचा आणि मांस रक्ताअभावी मरू लागते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर भार देऊन शरीर उचलायचे किंवा पुढे-बाजूला झुकून दाब मोकळा करायचा, आणि रोज आरशात त्वचा तपासायची. दुर्लक्ष झाले तर महिनोन् महिने पालथे झोपून राहावे लागते. बेलीने १९८७ पासून हे सारे सांभाळले आहे. तुमच्या लेखातल्या मधल्या वर्षांत हेही धरावे, अशी विनंती.

चाकणकर:

१९८२ च्या ज्या विजयी संघाचा उल्लेख लेखात आहे, त्यात डॅनी चँडलर हाही होता, ज्याला सगळे ‘मगू’ म्हणत. बेली जितका शांत, तितका मगू बेदरकार. त्या वर्षी त्याने ट्रॉफी दे नेशन्स आणि मोटोक्रॉस दे नेशन्स (म्हणजे लेखातली मोटोक्रॉस ऑफ नेशन्स) या दोन्ही स्पर्धांतल्या चारही मोटो एकट्याने जिंकल्या होत्या. १९८५ मध्ये पॅरिसच्या बेर्सी येथील सुपरक्रॉसमध्ये त्याच्या मानेला इजा झाली आणि त्याचे चारही अवयव अधू झाले. म्हणजे त्या विजयी संघातले दोघे पाच वर्षांच्या आत व्हीलचेअरवर आले. अपघाताचा संबंध आपण चटकन चालवण्याच्या शैलीशी जोडतो. इथे मात्र दोन टोकांच्या शैलींच्या दोन स्वारांच्या वाट्याला एकाच प्रकारची इजा आली. मगूने पुढे शाळांमधून मुलांशी बोलण्याचे काम केले आणि २०१० मध्ये त्याचे निधन झाले.

मी ज्या पट्ट्यात काम करतो तिथे बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या मोटरसायकली तयार होतात, म्हणून त्या कंपनीशी जोडलेल्या एका स्पर्धकाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. ऑस्ट्रियाच्या हाइन्त्स किनिगाडनर याने केटीएमवर १९८४ आणि १९८५ मध्ये २५० सीसीचे विश्वविजेतेपद मिळवले. स्वतः अनेक वर्षे शर्यतींतून सुखरूप बाहेर आलेल्या या माणसाचा मुलगा २००३ मध्ये मोटोक्रॉसच्या एका मदतनिधी कार्यक्रमात पडला आणि त्याचे हातपाय लुळे झाले. किनिगाडनर उपचारांच्या शोधात फिरले. अशी इजा बरी होत नाही, हे मानून टाकल्यामुळे तिच्यावर होणारे संशोधनही अपुरे आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून त्यांनी रेड बुलचे डिट्रिख माटेशिट्झ यांच्यासह २००४ मध्ये विंग्स फॉर लाइफ ही संस्था स्थापन केली. २०१४ पासून दर मे महिन्यात तिची जागतिक धाव होते. तिला अंतिम रेषा नसते. धावकांच्या मागून एक गाडी निघते आणि ती ज्याला गाठते त्याची धाव संपते. साऱ्या जगात ती एकाच क्षणी सुरू होते, त्यामुळे आपल्याकडे ती मे महिन्याच्या दुपारी साडेचारला पडते. पुण्याच्या त्या उन्हात धावणे सोपे नाही, तरी ज्यांना जमेल त्यांनी मोबाइलवरच्या अॅपच्या साहाय्याने जरूर भाग घ्यावा.

डग हेन्री याचेही स्मरण करावेसे वाटते. १९९५ मध्ये एका भीषण पडण्यात त्याचा कणा मोडला होता, तरी तो परतला आणि १९९८ मध्ये यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर २५० गटाचा अमेरिकी विजेता झाला. टू-स्ट्रोकच्या युगाचा शेवट तिथून सुरू झाला. २००७ मध्ये सुपरमोटो, म्हणजे डांबर आणि माती अशा मिश्र ट्रॅकवरच्या, शर्यतीत त्याला पुन्हा इजा झाली आणि या वेळी पाय परतले नाहीत. त्याने मोटरसायकलला शरीराभोवती येणारा लोखंडी पिंजरा आणि पट्टे बसवून घेतले आणि तो पुन्हा मातीत उतरला.

औंधकर:

सर्वांचे प्रतिसाद वाचून मन भरून आले आणि चिंताही वाढली. माझा मुलगा १२ वर्षांचा आहे. बालेवाडीची शर्यत पाहून आल्यापासून त्याला मोटोक्रॉस शिकायचे आहे. त्याच्या वडिलांचा होकार आहे, आजीआजोबांचा सक्त विरोध आहे आणि मी मध्ये आहे. हे सगळे ठाऊक असताना तुम्ही तुमच्या मुलाला पाठवाल का, एवढेच मातीवाट यांना विचारायचे आहे. कृपया स्पष्ट उत्तर द्यावे.

मातीवाट:

औंधकर, होय, पाठवेन. पण ज्या अटींवर पाठवेन त्या सविस्तर लिहितो आणि त्यांतली एकही सोडू नये असे आग्रहाने सांगतो.

पहिली गोष्ट शिक्षकाची. जो शिक्षक पहिल्या महिन्यात उडी मारायला लावतो, त्याच्याकडे मुलाला ठेवू नका. सपाट जमिनीवर आठचा आकडा काढणे, उभ्याने चालवणे, पुढचा ब्रेक मातीत किती दाबायचा याचा अंदाज येणे, वळणावर शरीर कुठे असावे हे कळणे, यात बराच काळ जायला हवा. त्यानंतर ज्याचा माथा सपाट आहे असा उंचवटा, म्हणजे टेबलटॉप, कारण त्यावर कमी पडले तरी मोटरसायकल सपाट मातीवर उतरते. दुहेरी आणि तिहेरी उड्यांत मधे खड्डा असतो आणि तिथे कमी पडणे म्हणजे समोरच्या उतारावर आदळणे. या वयाच्या मुलाला ६५ किंवा ८५ सीसीची, त्याचे पाय टेकतील अशी मोटरसायकल हवी. ‘पुढे वापरता येईल’ म्हणून मोठी घेणे ही काटकसर फार घातक आहे.

दुसरी साधनांची. मोटोक्रॉसचे हेल्मेट, गॉगल, मोटोक्रॉसचेच बूट, गुडघ्याचे ब्रेस, छाती आणि पाठ या दोन्हींना झाकणारे प्रोटेक्टर, आणि मानेचा ब्रेस. शेवटच्या साधनाविषयी गैरसमज आहेत. ते मान मर्यादेबाहेर वाकण्यापासून वाचवण्यासाठी असते आणि ते घालावेच. परंतु बेलीची इजा ज्या पातळीवर झाली तिथे त्याचा उपयोग होत नाही. कोणतेही साधन धोका शून्यावर आणत नाही, हे मुलालाही समजेल अशा शब्दांत सांगायला हवे.

तिसरी ट्रॅकची. उडीच्या पलीकडे कुणी पडलेला असेल तर उडी घेणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून प्रत्येक आंधळ्या उडीवर पिवळा झेंडा घेऊन माणूस उभा असलाच पाहिजे, सरावाच्या वेळीसुद्धा. ट्रॅकवर रुग्णवाहिका आणि पाठ सरळ ठेवून उचलण्याचा बोर्ड आहे का, तो वापरता येणारे कुणी आहे का, हे पालकांनी स्वतः विचारावे. जिथे हा प्रश्न विचारलेला आवडत नाही, तिथून परत यावे.

आजीआजोबांची भीती निराधार आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु चार-पाच वर्षांत तो रस्त्यावर दुचाकी चालवणार आहे, आणि मोटरसायकलचे नियंत्रण त्याने मित्राच्या मागे बसून ताम्हिणीच्या घाटात शिकण्यापेक्षा मोकळ्या मैदानात जाणत्या माणसाकडून शिकावे, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

शुश्रूषा:

मातीवाट यांच्या उत्तरातल्या बोर्डाच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, आणि तो रस्त्यालाही लागू आहे. मज्जारज्जूची काही हानी आदळण्याच्या क्षणी होते, पण अस्थिर झालेला कणा वाकवला तर अधिक हानी उचलताना होते. पडलेल्या माणसाला दोघांनी काखेत आणि पायांना धरून रिक्षात घालणे, ‘ऊठ, बस, पाणी पी’ म्हणत त्याला बसते करणे, हे मी पुण्याच्या रस्त्यांवर पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी जीव कळवळतो. त्याला आहे तसाच राहू द्या, डोके दोन्ही हातांनी स्थिर धरा, १०८ ला फोन करा. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका. हलवणे भागच असेल तर चार-पाच जणांनी डोके, धड आणि पाय एका रेषेत ठेवून ओंडका लोटावा तसे एकदम वळवावे. मदत करणाऱ्याला पोलिसांकडून त्रास होऊ नये यासाठी २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत स्पष्ट तरतूद आहे, त्यामुळे भीतीने निघून जाण्याचे कारण उरलेले नाही.

खडकीकर:

हा धागा पुण्यात निघाला आहे तर मुरलीकांत पेटकर यांचे नाव यायलाच हवे. सांगली जिल्ह्यातले पेठ इस्लामपूर हे त्यांचे मूळ गाव. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि शरीराचा खालचा भाग अधू झाला. ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकले. ऑलिम्पिक असो वा पॅरालिम्पिक, भारताच्या कोणत्याही खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक सुवर्ण होय. नंतर त्यांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. बेलीबाबत मातीवाट ज्या गाळलेल्या वर्षांविषयी लिहितात, तशी पेटकर यांच्या आयुष्यातली ही ४६ वर्षे आहेत, आणि ती गाळणारे आपणच होतो.

आमच्या खडकीत १९७४ पासून सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. इथले जवान व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतात आणि वेगवेगळी कामे शिकतात. ज्या पद्धतीवर अशी केंद्रे उभी राहिली, तिचा पाया लुडविग गुटमन यांनी घातला. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल येथे त्यांनी विभाग सुरू केला, तेव्हा अशा रुग्णांचा मृत्यू दाबव्रण आणि मूत्रसंसर्ग यांनी काही महिन्यांत वा थोड्या वर्षांत होणार, असे गृहीत धरले जाई. गुटमन यांनी रुग्णांना दर दोन तासांनी कूस बदलवण्याचा दंडक घातला आणि खेळ हा उपचाराचा भाग केला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तिथल्या हिरवळीवर १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पॅरालिम्पिक चळवळीचा उगम तो.

मातीवाट, आयर्नमॅनचा उल्लेख तुम्ही ओझरता केलात. त्यावर सविस्तर वाचायला आवडेल.

मातीवाट:

खडकीकर, पेटकर यांच्याविषयी लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर समुद्रात पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असे एका दिवसात सलग करायचे असते. पाय चालत नसलेल्या स्पर्धकाला सायकलऐवजी हातांनी पेडल मारायची हँडसायकल आणि धावण्याऐवजी तीन चाकांची रेसिंग खुर्ची असते, पण अंतरे तीच राहतात. शुश्रूषा यांनी धडाविषयी जे लिहिले आहे ते येथे पुन्हा वाचावे. पोहताना निर्जीव पाय खाली ओढले जातात. पाठीला आणि पोटाला बळ नसताना शरीर आडवे ठेवावे लागते. पाय सुमारे १८० किलोमीटर जे करतात ते खांद्यांना करावे लागते आणि त्यानंतर त्याच थकलेल्या खांद्यांनी मॅरेथॉनचे अंतर चाके ढकलावी लागतात. हवाईतल्या कोना येथला हा मार्ग काळ्या लाव्हाच्या प्रदेशातून जातो, उष्णता जमिनीतून वर येते आणि हावी गावाकडच्या चढावर वारा समोरून येतो. इजेच्या खालच्या शरीराला घाम येत नसल्यामुळे अशा स्पर्धकाचे शरीर स्वतःहून पुरेसे थंड होत नाही. त्याला अंगावर पाणी ओतत राहावे लागते.

१९९८ मध्ये बेली या शर्यतीच्या व्हीलचेअर गटात दुसरा आला. पहिला आला कार्लोस मोलेडा, अमेरिकी नौदलाच्या सील या कमांडो तुकडीतला माजी सैनिक, जो १९८९ मध्ये पनामात गोळी लागून अधू झाला होता. १९९९ मध्ये पुन्हा मोलेडा पहिला आणि बेली दुसरा. २००० मध्ये बेली जिंकला.

या तीन वर्षांकडे मी ज्या नजरेने पाहतो ती सांगतो. नुसते धैर्य सिद्ध करायचे असते, तर १९९८ मध्ये अंतिम रेषा ओलांडल्यावर काम झाले होते; जगाने टाळ्या वाजवल्याच असत्या. बेलीला दुसरे येणे पुरेसे वाटले नाही. जो माणूस १९८६ मध्ये अॅनाहाइमला आपल्याच संघातल्या जॉन्सनला एक इंचही सोडायला तयार नव्हता, तोच हा माणूस होता. मोलेडाने त्याला कीव न दाखवता सलग दोनदा हरवले, म्हणून तिसऱ्या वर्षीच्या विजयाला शर्यतीचे मोल आले. व्हीलचेअरवरच्या खेळाडूला ‘भाग घेतला हेच मोठे’ असे म्हणून आपण त्याची हार आणि जीत दोन्ही त्याच्याकडून काढून घेतो. बेलीला पराभव मनापासून झोंबत असे, आणि माझ्या लेखी त्याच्या उभारीचा सर्वांत खरा पुरावा तोच आहे.

शुश्रूषा:

एक वैद्यकीय टीप जोडते. हात हेच चालण्याचे साधन झालेल्या रुग्णांचे खांदे वयाच्या आधी झिजतात. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून गाडीत, असे दिवसातून अनेकदा शरीर उचलताना खांद्याच्या आतल्या स्नायुबंधांवर मोठा ताण येतो. म्हणून आम्ही खांदे मागे ओढणाऱ्या स्नायूंचा व्यायाम, हलकी खुर्ची आणि लांब, संथ ढकल यांवर भर देतो. खडकीकर, केंद्रात खेळणाऱ्या जवानांसाठी फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांचे एखादे खांदे-तपासणी शिबिर घेता येईल का, याची चौकशी कुठे करावी हे कृपया कळवा. माझ्या ओळखीतले काही विद्यार्थी येण्यास उत्सुक आहेत.

खडकीकर:

अवश्य. केंद्र सैन्याशी संलग्न असल्यामुळे आधी कार्यालयाला रीतसर पत्र द्यावे लागते आणि येणाऱ्यांची नावे कळवावी लागतात. मी या आठवड्यात स्वतः जाऊन विचारतो. दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थी मोकळे असतील तर पत्रात तो काळ सुचवावा.

औंधकर:

मातीवाट, तुमचे उत्तर मी घरात सर्वांना वाचून दाखवले. आजोबांनी झेंडेवाल्याचा आणि बोर्डाचा मुद्दा दोनदा वाचायला लावला. येत्या रविवारी आम्ही एका प्रशिक्षणवर्गाचे मैदान पाहायला जात आहोत, तेही बरोबर येणार आहेत, आणि प्रश्न तेच विचारणार आहेत.